कढीलिंबावरची काजळी

लग्न होऊन मी सोलापूरला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. माहेर अक्कलकोटकडचं, घरात निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. सासरचा मळा शहराच्या अगदी कडेला होता. एका अंगाला ज्वारीचं रान आणि दुसऱ्या अंगाला मिलची चिमणी. मला लहानपणापासून तंद्री लागायची खोड. चुलीपुढं बसले की जाळाकडं बघत बसायची, विहिरीवर गेले की पाण्याकडं. आई म्हणायची, हिला सासू खमकी मिळाली तरच हिचा निभाव लागेल. सासू मला मिळालीच नाही, ती माझ्या लग्नाआधीच वारली होती. खमक्या मिळाल्या त्या आमच्या वन्सं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हा एक मुलगी कडेवर घेऊन त्या माहेरी परतल्या. ती मुलगीही पाचव्या वर्षी तापात गेली. हे सगळं मी येण्याच्या आधीचं. मी पाहिल्या त्या पस्तिशीच्या, उंच, काटक आणि जिभेला धार असलेल्या. मळ्याचा कारभार थोरल्या दिरांकडं होता, पण विहिरीच्या पाटाला लागून असलेली कढीलिंबाची चौदा झाडं सासऱ्यांनी मरताना तोंडी वन्संना देऊन टाकली होती. पहाटे पाल्याच्या जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घ्यायची आणि विणकरांच्या पेठेत जायचं, हा त्यांचा नेम. तिथल्या तेलुगू घरांत कढीलिंबाशिवाय फोडणी पडायची नाही. पाला विकून त्या आपलं तेल-मीठ आपण आणायच्या, मळ्यातल्या खोपीत आपली वेगळी चूल मांडायच्या. त्या कुणाच्या ताटाखालचं मांजर नव्हत्या. झाडं गेली असती तर त्यांना थोरल्या जाऊबाईंच्या चुलीशी येऊन बसावं लागलं असतं. जाऊबाई वाईट नव्हत्या, पण दुसरीच्या चुलीशी बसणं म्हणजे काय, ते बायकांना सांगावं लागत नाही.

त्या झाडांखालच्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. पाटाचं पाणी आटलेलं असलं तरी तिथली माती गार लागायची. वरून बारीक पानांची सावली हलत असायची, आणि ऊन चढलं की पानं न चुरगळताच वास सुटायचा. तो वास माझ्या पदराला, केसांना, रात्रीच्या उशीलाही यायचा. जेवणं उरकली की मी पोतं घेऊन तिथं जायची आणि निवडायला घेतलेली डाळ तशीच मांडीवर राहायची. वन्सं जुड्या बांधता बांधता म्हणायच्या, "डाळीतलं खडं आपल्या पायानं चालत जात्यात व्हय गं?" मी दचकायची, दोन खडे काढायची आणि पुन्हा कुठंतरी निघून जायची.

मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी पानं काळी पडायला लागली.

आधी खालची, मग मधली, मग शेंड्याची. कुणीतरी दिव्याची काजळी फासून ठेवावी तसं पानाच्या वरच्या अंगाला काळं यायचं. कारण कुणाला विचारायची गरजच नव्हती. समोर चिमणी उभी होती. तिचा धूर वाळत घातलेल्या धोतरांवर बसायचा, रांजणातल्या पाण्यावर तरंगायचा, चुन्याच्या भिंती दरसाल करड्या करायचा. पानांवर काळं दिसलं तर दुसरा कोणता गुन्हेगार शोधायचा? वन्संनी चिमणीला रोज सकाळी शिव्या द्यायला सुरुवात केली. मिल ज्याच्या मालकीची त्याच्या सात पिढ्या त्यात आल्या. माझा नवरा त्याच मिलमध्ये कापड तपासायच्या खात्यात होता, तो खाली मान घालून भाकरी खायचा.

आम्ही पानं धुवायला लागलो. तुम्हाला हसू येईल, पण आम्ही दोघी बादल्या भरून न्यायचो आणि एकेक फांदी वाकवून फडक्यानं पुसायचो. आठ दिवस बरं दिसायचं. मग पुन्हा काळं. पेठेतल्या बायका जुडी हातात घ्यायच्या, पान उलटून बघायच्या आणि "वद्दु" म्हणून परत पाटीत टाकायच्या. नको म्हणायचा तो तेलुगू शब्द वन्सं घरी येऊन आम्हाला म्हणून दाखवायच्या, अगदी त्या बायकांसारखं नाक उडवून. आम्ही हसायचो. त्याही हसायच्या, पण पाटी तशीच भरलेली असायची.

या सगळ्यात त्यांचा एक नेम मात्र चुकला नाही. दर सोमवारी सकाळी त्या वाटीत भाजलेली कणीक आणि साखर कालवायच्या आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी एक एक चिमूट मुंग्यांना घालायच्या. मुलगी गेली तेव्हा घरी येणाऱ्या जंगम स्वामींनी सांगितलं होतं, लहान लेकराच्या नावानं मुंगीला साखर घाल, ती पोचते. गेली दहा वर्षं वन्सं ती घालत होत्या. खोपीत कधी त्यांच्या स्वतःच्या तोंडात साखर गेली नाही, पण सोमवारची वाटी रिकामी राहिली नाही. त्या वेळी त्या एक शब्दही बोलायच्या नाहीत, आणि मीही जवळ जायची नाही.

त्या साली संक्रांतीनंतर मिल बंद पडली. मजुरांचं आणि मालकांचं बिनसलं होतं एवढंच आम्हा बायकांना कळलं. नवरा घरी बसला. चिमणी थंड झाली आणि तिच्याबरोबर भोंगाही. हे सांगितल्याशिवाय त्या दिवसांची गंमत कळायची नाही. सोलापुरात तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी घड्याळ नव्हतं, भोंगा होता. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला भाकरी थापायच्या, दुपारच्याला जनावरांना पाणी दाखवायचं. भोंगा थांबला आणि साऱ्या शहराची वेळ सैल झाली. कुणी अकराला जेवायचं, कुणी तीनला. शेजारची म्हातारी एकदा चांदणं बघून पहाट झाली म्हणून सडा घालून बसली. आकाश इतकं स्वच्छ झालं की संध्याकाळी पाखरांची रांग दूरवर जाईपर्यंत दिसायची. मला तर आयतंच फावलं. वेळच नाही म्हटल्यावर उशीर तरी कशाला होणार?

वन्संनी फाल्गुनात सगळी झाडं छाटून टाकली. म्हणाल्या, "चिमणीचं त्वांड बंद हाय तंवर नवा पाला येऊ दे की. एकदा हिरवा पाला पेठंत दिसला की बायका आपसूक येत्यात." चैत्रात फूट आली, पोपटी, कोवळी, उजेड आरपार जाईल अशी. वन्सं झाडांमधून फिरताना गुणगुणल्या, ते मी पहिल्यांदा ऐकलं. आणि वैशाखात त्याच पाल्यावर पुन्हा काळं आलं.

थोरले दीर येऊन बघून गेले. ते कमी बोलणारे, तुटक बोलणारे. म्हणाले, "झाडंच रोगट झाल्याती. मिरगाच्या आत पाडू. हितं मिरची लावतो."

"माजी झाडं हायत ती," वन्सं म्हणाल्या.

"तुजीच हायत. पन इकतंय कोन? तू घरात ये की राहायला. खोपीत काय ठिवलंय?"

वन्सं पाटी उचलून खोपीत गेल्या. त्यांच्यासारखी बाई न भांडता निघून गेली, याचीच मला धास्ती वाटली.

चिमणी तर तीन महिने थंड होती. मग काजळी कुठली? मी जेवताना नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, जुनी असेल, कौलांवरची, वाऱ्यानं येत असेल. शेजारी म्हणाले, आगीनगाडीची असंल. चिमणीला सोडायला कुणी तयार नव्हतं. एकदा चोर ठरला की ठरला.

मी शोध लावला वगैरे म्हणायचं कारण नाही. मी त्या दुपारी झाडाखाली नुसती लोळत पडले होते. डोळे अर्धे मिटलेले, पापण्यांमधून पानं हलताना दिसत होती. मनगटावर काहीतरी पडलं, फार बारीक. आभाळात ढग नव्हता. मी बोट लावलं तर चिकट. जिभेला लावलं तर गोड. मग लक्षात आलं की पोत्यावरही तसे थेंब आहेत, आणि खालच्या फांदीची पानं तेल लावल्यासारखी चमकताहेत.

शेतकऱ्याच्या पोरीला हे ओळखायला काय लागतं? ज्वारीवर मावा पडला की पानं अशीच चमकतात, धाटाला हात लावला तर हात चिकटतो. त्याला चिकटा म्हणतात, आणि पुढं त्याच चिकट्यावर काळं धरतं. माहेरच्या रानात मी ते दहा वेळा पाहिलं होतं. पण ज्वारीच्या रानात समोर चिमणी नव्हती, म्हणून तिथं डोकं चाललं. इथं आम्ही पानाखाली कधी बघितलंच नाही, वर धुराकडं बघत राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी उठून एक काळं पान तोडलं आणि नखानं खरवडलं. काजळी बोटाला लागते. ही लागली नाही. सुकलेली साय निघावी तशी तिची पातळ पापडी सुटून आली आणि खाली पान हिरवंगार. मी घरात धावले. नवरा झोपला होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात सूत मोजायचं भिंग असायचं, पितळेचं, घडीचं. ते कापडावर ठेवून एका इंचात किती धागे आहेत ते मोजतात. मी ते न विचारता उचललं, आणि नवऱ्याच्या वस्तूला असा हात लावायची ती माझी पहिलीच वेळ.

भिंगातून मी जे पाहिलं ते बघत किती वेळ बसले होते ते भोंगा नसल्यामुळं सांगता यायचं नाही. फांदीच्या सालीवर अख्ख्या मसुराच्या दाण्यासारखे तपकिरी फुगवटे होते. रोज डोळ्यांसमोर असून मी त्यांना सालीच्या गाठी समजत होते. त्या गाठी नव्हत्या, सालीला तोंड लावून बसलेले किडे होते. रस पीत होते आणि मागून गोड थेंब सोडत होते. एक मुंगी आली, तिनं मिश्यांनी त्या किड्याच्या पाठीवर हळूहळू थोपटलं. थेंब वर आला. मुंगीनं तो पिऊन टाकला आणि पुढच्या किड्याकडं गेली. गवळ्याच्या गोठ्यात धार काढतात तसंच सगळं चाललं होतं, शांत, शिस्तीत. कुठूनसा एक ठिपक्यांचा लाल भुंगा येऊन फुगवट्यावर बसला, तर चार मुंग्यांनी त्याला चावून हाकलून दिलं. त्या राखण करत होत्या. मला ते दृश्य इतकं सुंदर वाटलं की हा रोग आहे हेच मी विसरले.

मग मी मुंग्यांची रांग धरून भिंग खाली खाली आणत गेले. फांदीवरून खोडावर, खोडावरून बुंध्याशी. रांग जिथं मातीत उतरत होती तिथं कालच्या सोमवारची कणीक-साखर होती.

मी भिंग मिटून पदरात बांधलं.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं भिंग घेतल्याबद्दल आधी तोंड वाकडं केलं, मग सकाळी स्वतः जाऊन बघून आला. आल्यावर म्हणाला, "बरोबर हाय तुझं. किडं मुंग्या सांभाळत्यात, आणि मुंग्या आक्का सांभाळती."

"मग तुमी सांगा वन्संना."

"मी? मला तिनं उघडं न्हाऊ घातलंय. माझं ऐकती व्हय?"

म्हणजे सांगायचं मी. दोन सोमवार गेले, मला धीर झाला नाही. मी तंबाखूचं पाणी उकळायची, फांद्यांवर मारायची, आणि विचारलं तर "माझ्या माहेरी करत्यात" एवढंच सांगायची. मुंग्या नव्या साखरेला नव्यानं येत होत्या. मिरगाला पंधरा दिवस राहिले. दीर एक दिवस कुऱ्हाडीला धार लावून घेऊन आले आणि खोपीच्या कुडाला टेकवून ठेवून गेले. ती कुऱ्हाड बघून मला रडू आलं. माझा भित्रेपणा मला तेव्हा जेवढा लाजिरवाणा वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही.

तिसऱ्या सोमवारी वन्सं वाटी घेऊन निघाल्या तेव्हा मी भिंग घेऊन त्यांच्या मागं गेले. "वन्सं, साखर घालायच्या आदी एकदा ह्यातनं बघा," म्हटलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या वाटेत आडवी आले होते. पण भिंग घेतलं. मी फांदी खाली वाकवून धरली. त्यांनी डोळा लावला आणि मी, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत, सगळं सांगून टाकलं. चिकटा, काळं, राखण, रांग. शेवटचं वाक्य कसं म्हणाले ते आठवत नाही.

त्या फार वेळ बघत राहिल्या. मग भिंगाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"मला दिसायचं की," त्या म्हणाल्या. "साखर घाटली की झाडावर चडत्यात, ते दिसायचं मला. दहा वरसं बघतीया. मला वाटायचं, वर न्हेत्यात."

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्या रडल्या नाहीत. वाटी खोपीच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "ऊठ. चिंध्या आन घरातनं. मिलवाल्याच्या घरात चिंध्यांना काय तोटा."

दिवसभर आम्ही चिंध्यांच्या पट्ट्या फाडल्या, एरंडेलात राळ उकळून त्यात भिजवल्या आणि एकेका खोडाला कमरेएवढ्या उंचीवर गुंडाळल्या. मुंगीला त्या चिकट पट्ट्यावरून जाता येईना. फार लागलेल्या फांद्या छाटून जाळल्या, बाकीच्यांवर साबणाचं पाणी मारलं. संध्याकाळी मी पट्टे मोजले. तेरा होते. पाटाच्या शेवटी, जरा बाजूला, एक झाड होतं. त्याला वन्संनी पट्टा बांधला नव्हता. त्याच्या फांद्या दुसऱ्या झाडांना शिवणार नाहीत अशा चारी बाजूंनी छाटल्या होत्या, आणि बुंध्याशी वाटीतली सगळी साखर एकाच ठिकाणी घातली होती.

दिरांनी मिरगापर्यंत थांबायचं कबूल केलं, मग पोळ्यापर्यंत. मुंग्यांची राखण उठली तसे ते लाल भुंगे येऊन बसायला लागले आणि किड्यांचा फडशा पाडायला लागले. पावसानं उरलेलं काळं धुऊन नेलं. दिवाळीत वन्सं पाटी रिकामी करून परत आल्या, आणि पेठेतल्या बायकांची नक्कल करायला त्यांना काही मिळालं नाही. मिल केव्हाच सुरू झाली होती, भोंगा पुन्हा वाजत होता, माझ्या भाकऱ्या पुन्हा उशिरा होत होत्या. तेरा झाडं हिरवी राहिली. चौदावं काळं होतं आणि वन्सं त्याचं पानही तोडत नव्हत्या.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात दीर कुऱ्हाड घेऊन आले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "एवडी अक्कल लावून तेरा वाचवली, आन हे नासकं ठिवलंय कशाला? ह्याच्यावरनं परत समद्यांवर जाईल की." वन्सं खोपीच्या दारात जुड्या बांधत होत्या. त्यांचे हात थांबले. इतकी बोलणारी बाई, पण हे काही त्यांना भावापुढं बोलून दाखवता येईना. दिरांनी बुंध्याजवळ पाय रोवला.

आमच्याकडं धाकटी सून थोरल्या दिरापुढं बोलत नसे. तीन वर्षांत मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते, पदर खाली ओढून बाजूला व्हायची तेवढंच. त्या दिवशी मी पाटातून सरळ त्या झाडापुढं जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावरून पडला होता, तोही सावरला नाही.

"भावजी, ह्याला हात लावू नगासा," मी म्हणाले. "हे लेकीचं हाय."

दीर माझ्याकडं बघत राहिले. मग झाडाकडं, मग त्या काळ्या रांगेकडं, बुंध्याशी पडलेल्या साखरेकडं. त्या मुलीला पुरायला दोन्ही हातांवर त्यांनीच उचलून नेलं होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पुढं जाऊबाईंनी सांगितलं. त्यांनी कुऱ्हाड खांद्यावर घेतली आणि घराकडं निघून गेले. वन्सं तशाच बसून होत्या, मांडीवर अर्धी बांधलेली जुडी.

त्यानंतरच्या सोमवारी वन्संच्या उंबऱ्यात साखरेची पुडी होती. थोरले दीर भल्या पहाटे पेठेत जाऊन ती घेऊन आले होते.